वजन १०० च्या वर आहे, सायकल कुठली घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं १०० ते १४० किलोच्या मंडळींसाठी आहे. मी स्वतः ११८ च्या आसपास असतो, दिवाळीनंतर थोडा वर, आणि सायकल चालवतो म्हटल्यावर ओळखीतले सगळे जाडजूड लोक मलाच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

माझं वजन ११५ आहे. माझ्या वजनानं सायकल मोडेल का?

फ्रेम नाही मोडत हो. माणूस बसला आणि सायकल मधोमध दुमडली हे कार्टूनमध्ये होतं. आपल्याकडे गॅसवाले भरलेले सिलिंडर सायकलला लटकवून गल्लोगल्ली फिरलेत, एक भरलेला घरगुती सिलिंडर ३० किलोच्या आसपास भरतो, असे दोन लावले की ६० झाले आणि वर चालवणारा माणूस वेगळाच. दूधवाल्यांचंही तेच. म्हणजे एवढं वजन पेलणारी सायकल बनवणं काही अवघड नाही, फक्त मॉलमध्ये चकचकीत लावून ठेवलेली सायकल त्यासाठी बनवलेली नसते.

आपल्या वजनाला सगळ्यात आधी जे जातं ते मागचं चाक. पुढचं सगळं वाचायचा कंटाळा असेल तर एवढंच करा, दुकानात गेल्यावर रंग आणि स्टिकर नंतर बघा, आधी सायकलच्या मागे जाऊन उकिडवे बसा आणि मागचं चाक नीट बघा. पैसे तिथे घालायचेत.

कंपनी लिहिते "कमाल वजन १०० किलो". म्हणजे माझं की सायकलसकट?

हा चांगला प्रश्न आहे आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत. काही कंपन्या फक्त चालवणाऱ्याचं वजन धरतात, काही माणूस अधिक सामान, तर काही सायकलसकट सगळं. उदाहरणार्थ ट्रेक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हायब्रिड (रोड आणि माउंटनच्या मधली, सरळ हँडलची) आणि माउंटन प्रकाराला १३६ किलो आणि ड्रॉप हँडलवाल्या (खाली वळलेल्या हँडलच्या) रोड बाइकला १२५ किलो दिलेत, पण त्यात सायकल आणि सामान दोन्ही आलं. आता १४ किलोची हायब्रिड, दोन किलोची सॅक, पाण्याची बाटली, कुलूप, पंप असं धरलं की १३६ मधून तुमच्या वाट्याला ११८-११९ उरतात. रोड बाइकला तर त्याहून कमी.

स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलवर आकडा छापलेलाच नसतो. तेव्हा कंपनीला मेल टाकून लेखी उत्तर घ्या. दुकानदाराचं "काय नाय होत सर, घ्या बिनधास्त" हे वॉरंटीच्या वेळी चालत नाही.

आणि आकडा ओलांडला की सायकल त्याच दिवशी मोडते असंही नाही, पार्ट लवकर थकतात इतकंच. पण तुम्ही ९८ आणि मर्यादा १००, असं अगदी काठावर जाऊन घेऊ नका, आपल्या रस्त्यांवर एक खड्डा आदळला की त्या क्षणी चाकावर तुमच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो.

पण मागचंच चाक का?

कारण बसलेल्या माणसाचं साधारण ६० टक्के वजन मागे जातं, सरळ ताठ बसायची सायकल असेल तर आणखी जास्त. त्यात चेनची ओढ पण तिथेच. आणि गियरच्या सायकलला उजव्या बाजूला दातऱ्यांचा गठ्ठा असतो म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात, डावीकडच्या त्या मानानं ढिल्या. चाक आधीच एका अंगानं अवघडलेलं असतं.

आता तार तुटते कशी ते बघा. चाक फिरताना जी तार खाली जमिनीच्या बाजूला येते तिचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेली की परत येतो. ७०० सी (हायब्रिड आणि रोड बाइकला नेहमी येणाऱ्या मापाच्या) चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आतबाहेर, म्हणजे १० किलोमीटरला चाक साडेचार हजारांच्या आसपास फेरे मारतं आणि प्रत्येक तार तितक्या वेळा ढिली-ताठ, ढिली-ताठ होते. वजन जास्त म्हणजे हा झोका मोठा. तार मुळात नीट ताणलेली असेल तर तिला फरक पडत नाही, ढिली असेल तर ती हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकापाशी, जिथे वाकवलेली असते तिथे, हळूहळू थकते आणि एक दिवस सपाट रस्त्यावर काहीही कारण नसताना टिंग करून तुटते. लोकांना वाटतं मी जाड म्हणून तुटली. अहो, कारखान्यात मशिननं भराभर ओवलेलं चाक होतं, ताण कमी होता म्हणून तुटली. बाजेची दोरी सैल पडली की शेजारच्या दोऱ्यांवर भार येतो तसंच इथे, एक तार गेली की आजूबाजूच्या जायला लागतात.

मग तारा किती हव्यात?

मागे ३६. पुढे ३२ चालतात. आजकालच्या बऱ्याच हायब्रिडला मागे ३२ असतात, तुम्ही १००-११० पर्यंत असाल आणि रिम डबल वॉलची असेल तर ३२ पण चालून जातात, पण चाक आधी ताणून घ्या. २८ किंवा त्याहून कमी तारांचं चाक दिसायला देखणं असतं, ते साठ किलोच्या पोरांना देऊन टाका.

रिम डबल वॉल आहे का ते विचारा. टायर काढून बघितलं तर रिमच्या आत दोन थर दिसतात, मधे पोकळी असते. सिंगल वॉल रिम आपल्याला नको, खड्ड्यात आदळली की कड वाकते.

आणि ते तारांऐवजी पाच पाकळ्यांचं मॅग व्हील? बिलकुल नको. तार तुटली तर कोपऱ्यावरचा सायकलवाला बदलून देतो, मॅग व्हीलला चीर गेली की चाकच भंगारात.

नवीन सायकल घेतल्या घेतल्या चाकाचं काय करून घ्यायचं?

नुसता "आउट काढून द्या" म्हणू नका. आउट काढणं म्हणजे चाक डुलत असेल ते सरळ करणं, ते कुणीही करतो. तुम्हाला हवंय सगळ्या तारांचा ताण वाढवून सारखा करणं. जुना, चाक ओवणारा मिस्त्री शोधा, प्रत्येक शहरात एखादा असतोच, आणि त्याला सांगा की मी एवढा आहे, तारा कडक पाहिजेत. तो उजवीकडच्या तारा बोटानं छेडून बघेल, सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा, एखादी भद्द वाजली म्हणजे ढिली. मग समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून करकचून दाबायच्या, त्यानं तारा आपापल्या जागी बसतात, त्यानंतर परत एकदा आउट बघायचा.

पहिल्या दीडदोनशे किलोमीटरनंतर हे परत करून घ्या. त्यानंतर चाक बरेच दिवस तुमची आठवण काढत नाही.

"फ्रीव्हील" आणि "कॅसेट" यात आपल्याला काय फरक पडतो?

खूप फरक पडतो आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. स्वस्त ७ गियरच्या सायकलला मागे आट्यांवर घट्ट बसवलेलं फ्रीव्हील, म्हणजे दातऱ्यांचा गठ्ठा असतो. त्यात उजवीकडचे छर्रे दातऱ्यांच्या आतल्या बाजूला, लांब, त्यामुळे एक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) उजवा भाग आधाराशिवाय बाहेर आलेला असतो. वजनदार माणूस आणि खड्डे, एक्सल वाकतो, कधीकधी तुटतोही. कॅसेट हबमध्ये (इथे दातऱ्या आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवतात) उजवीकडचे छर्रे पार बाहेरच्या टोकाला असतात म्हणून एक्सल वाकायचा प्रश्न जवळपास मिटतो.

ओळखायचं कसं: मागच्या दातऱ्या उलट्या फिरवा. मधोमध जिथे पाना बसायच्या खाचा आहेत तो भाग दातऱ्यांबरोबर फिरला तर कॅसेट, तो जागीच राहिला आणि दातऱ्याच फिरल्या तर फ्रीव्हील. ८ किंवा जास्त गियर म्हणजे कॅसेटच असं धरून चालू नका, ८-९ दातऱ्यांची फ्रीव्हील पण मिळतात.

एक गियरच्या साध्या सायकलला ही भानगड नाही, तिथे फ्रीव्हील एकच पातळ चकती असते आणि एक्सल फारसा उघडा पडत नाही.

सरळ काळी दूधवाल्याची सायकल घेऊन टाकू का?

घ्या की! सपाट गावात राहत असाल, रोज चार-पाच किलोमीटर बाजार-ऑफिस करायचं असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. २८ × १½ चे टायर, पुढे ३२ आणि मागे ४० तारा (हो, चाळीस, उगाच नाही सिलिंडर पेलत), जाड स्टीलच्या नळ्या, डबल दांडीची घेतली तर आणखी भक्कम. स्प्रिंगची रुंद सीट आणि ताठ बसायची बैठक आपल्या पोटाला पण सोयीची. पार्ट तालुक्याच्या बाजारात मिळतात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडला, पण हिरो, एव्हॉन वगैरेंच्या असल्या सायकली आहेतच.

तोटे सांगतो. सायकलच २० किलोच्या वर. एकच गियर, तोही सपाटीचा, त्यामुळे पुण्यात कात्रजच्या बाजूला किंवा रत्नागिरीत कुठेही राहत असाल तर हातात धरून चालणंच जास्त होईल. सळईचे ब्रेक कोरड्यात ठीक, पावसात चकचकीत स्टीलच्या रिमवर रबर नुसतं घसरतं, आणि आपलं वजन थांबवायला आधीच जास्त ब्रेक लागतो. कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, पक्का धरणारी खिट्टी) ढिली झाली की पायडल मारताना टक् टक् येतं, तसंच चालवत राहिलात तर क्रँक खराब होतो, लगेच पिन बदला, वीस मिनिटांचं काम आहे.

मुंबई-कोकणच्या पावसात रोज चालवणार असाल तर नको.

स्टीलची फ्रेम भक्कम की अलॉयची?

दोन्ही चालतात, ह्यावर लोक उगाच वाद घालतात. अलॉयच्या (ॲल्युमिनियमच्या) फ्रेमला नळ्या जाड व्यासाच्या असतात म्हणून ती ताठ असते, जाड माणसाला उलट बरं वाटतं, पायडल मारताना सायकल लचकत नाही. स्टील थोडं लवचीक, चीर जाण्याआधी बरेचदा चाहूल देतं आणि कुठलाही वेल्डिंगवाला जोडून देऊ शकतो. कार्बन फ्रेम किंवा कार्बन सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांड्याच्या) नादी लागू नका एवढंच.

पुढे शॉकअप असलेली घेऊ ना? खड्डे खूप आहेत.

नको. म्हणजे खरंच नको. परवडणाऱ्या सायकलींचा शॉकअप म्हणजे आत एक साधी स्प्रिंग, ती साधारण ६५-७० किलोच्या माणसाचा अंदाज धरून घातलेली असते. तुम्ही बसलात की ती अर्धी आधीच दबते, ब्रेक मारला की सायकल नाक खुपसते, आणि खड्डा आला की उरलेली जागा संपून आतलं लोखंड लोखंडावर आदळतं. शिवाय सायकलचं वजन वाढतं. मागे-पुढे दोन्हीकडे शॉकअप असलेली दहा-बारा हजारांची सायकल तर पोरांचं खेळणं आहे, पायडलला दिलेला अर्धा जोर तीच खाते.

साधा ताठ चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) घ्या आणि टायर रुंद घाला, खड्ड्यांचं उत्तर तिथे आहे. हवेचा शॉकअप, ज्यात पंपानं वजनानुसार हवा भरता येते, तो चांगला असतो, पण तो महागड्या माउंटन बाइकलाच येतो.

टायर किती रुंद? हवा किती?

७०० सी असेल तर ४० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त, २६, २७.५ किंवा २९ इंची असेल तर २ इंच. ३२ च्या खाली जाऊ नका. टायर शक्यतो गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचा, डांबरी रस्त्यावर मोठ्या गोट्यांचा टायर नुसता घरघर करतो.

हवा टायरच्या बाजूवर छापलेली असते, जसं ४०–६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). ६५ किलोचा माणूस ४५ वर चालवेल, तुम्ही मागे वरच्या आकड्याच्या जवळ ठेवा, पुढे पाच-दहा कमी. अंगठ्यानं दाबून "आहे हवा" म्हणायची सवय सोडा, मीटरवाला उभा पंप घ्या, आठवड्याला एकदा तपासा, ट्यूबमधून हवा आपोआप कमी होतेच. हवा कमी असताना खड्डा आला की ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाल्यानं "साहेब दोन पंक्चर आहेत" असं सांगितलं आणि ती शेजारी शेजारी असतील तर खिळ्याला दोष देऊ नका, हवा भरा.

आणि गतिरोधक-खड्डा दिसला की पायडल आडवे करून सीटवरून थोडं उठा, गुडघे सैल सोडा. ह्या एका सवयीनं चाकाचं आयुष्य वाढतं, आणि फुकट आहे.

ढुंगण फार दुखतं हो. जेलची मऊ सीट घेऊ?

उलट होईल. पहिली पंधरा मिनिटं गादीसारखं वाटेल, मग तुम्ही तिच्यात रुतता आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. बैठकीची दोन हाडं असतात, वजन त्यांच्यावर यायला हवं, आणि त्या हाडांमधलं अंतर तुमच्या जाडीवर ठरत नाही. त्यामुळे १२० किलोच्या माणसाला अवाढव्य सीटच लागते असं नाही. पुठ्ठ्यावर कडक जागी बसून उठा, दोन खळगे दिसतील, त्यांच्या मधलं अंतर मोजा आणि त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद सीट बघा, कडकसर. ताठ बसून चालवणार असाल तर आणखी रुंद आणि स्प्रिंगची चालेल.

पहिले दोन आठवडे तरीही दुखेल, सगळ्यांचंच दुखतं, बारीक लोकांचंही.

सीटपेक्षा तिच्या खालचा भाग मात्र नक्की बघा. स्वस्त सायकलीत सीट दातऱ्या असलेल्या लोखंडी पकडीनं बसवतात, जाड माणूस बसला की दात घासतात आणि सीट मागे कलते, कितीही आवळा. दोन बोल्टवाला सीटपोस्ट घाला. आणि सीटपोस्टवर एक रेघ असते, त्याच्यापेक्षा वर काढायचा नाही, आपल्या वजनाला तर दोन बोटं आतच बरा. उंच माणसानं छोटी फ्रेम घेऊन सीटपोस्ट उपसून ठेवला की नळीच चिरते.

मी बाई आहे, १०५ किलो, उंची पाच फूट एक. दांडीवरून पाय टाकणं जमत नाही.

ताई, मग खालच्या दांडीचीच घ्या, चढता-उतरता न आलेली सायकल जिन्याखालीच राहते. फक्त जुन्या धाटणीच्या बारीक नळ्यांच्या लेडीज सायकलला वरची दांडी नसल्यानं फ्रेम वजनाखाली पिळते, हँडल थरथरतं. अलॉयची, जाड नळीची खालच्या दांडीची हायब्रिड किंवा सिटी बाइक मिळते, ती बघा. दुकानात बसून एका जागी ब्रेक दाबून हँडल डावी-उजवीकडे ढकलून बघा, फ्रेम सापासारखी हलली तर सोडून द्या. पोट असलेल्या पुरुषांनाही हीच सांगतो, लाजायचं काय त्यात.

साइझ वजनावर ठरतो का?

नाही, उंचीवर आणि पायाच्या लांबीवर. "तुम्हाला मोठी लागेल" असं म्हणून लार्ज गळ्यात मारतात, घेऊ नका. पोटाला मांडी लागत असेल तर हँडल वर घ्या, साइझ वाढवून ते सुटत नाही.

ब्रेक?

डिस्क, शक्यतो हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे). घाट उतरताना आपल्याला थांबवायला जास्त ताकद लागते आणि तेवढी उष्णता कुठेतरी जातेच, रिम ब्रेक असेल तर रिम आणि पर्यायानं टायर तापतो. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, दणकून वेग कमी करा, सोडा, परत दाबा, दोन्ही ब्रेक वापरा. डिस्कची चकती १६० मिलिमीटरची असते, चिमट्यावर चालत असेल तर पुढे १८० करून घ्या. केबलचे डिस्क ब्रेक स्वस्त असले तरी नीट लावलेले असतील तर चालतात. चांगले व्ही ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) अलॉय रिमवर सपाट शहरात पुरेसे आहेत, उगाच पैसे घालू नका.

गियर किती?

२१ की २४ हा आकडा सोडा. सगळ्यात हलका गियर किती हलका ते बघा. पुढे सगळ्यात छोटी दातरी २८ दातांची आणि मागे सगळ्यात मोठी ३४ दातांची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एका फेऱ्यापेक्षाही कमी फिरतं, म्हणजे चढावर बसून चढता येतं आणि गुडघ्यांवर जोर येत नाही. जड गियर दाबत चढणं हे गुडघे दुखायचं एक मोठं कारण. गुडघ्याचं आधीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

फॅट बाइक घेऊ का? ती जाड लोकांसाठीच असते ना?

नाही, ती वाळू आणि बर्फासाठी असते. ४ इंची टायर बघून दणकट वाटते, पण स्वस्त फॅट बाइकला आतला हब, एक्सल, पायडल सगळं तेच साधं असतं आणि सायकल १७ ते २० किलो. मग तुम्ही स्वतःला पण ओढायचं आणि तिलाही.

ई-सायकल?

घाटाच्या गावात राहणाऱ्या वजनदार माणसाला मी खुशाल घ्या म्हणेन. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी-लायसन्स लागत नाही. मोटर मागच्या चाकात असेल तर त्या बिचाऱ्या चाकावर आणखी एक ओझं, तेव्हा तारांचं वर सांगितलेलं दुप्पट पाळा. वजनमर्यादा इथे जास्त काटेकोर बघा, सायकलच २०-२५ किलोची असते.

ऑनलाइन मागवली तर?

८५ टक्के जोडलेली खोक्यात येते आणि उरलेलं तुम्ही जोडायचं. हँडल, पायडल जोडाल हो, चाकाच्या ताणाचं काय? ऑनलाइन घेतलीत तरी खोकं तसंच मिस्त्रीकडे न्या. प्लॅस्टिकचे पायडल तिथेच काढून लोखंडी किंवा अलॉयचे लावा, प्लॅस्टिकचे आपल्या पायाखाली तडकतात आणि उभं राहून मारताना तडकले तर दांडीवर आदळता, पुढचं सांगत नाही.

मागे कॅरिअरवर पोराला बसवता येईल का?

कॅरिअरवर वजन कोरलेलं असतं, बहुतेक अलॉय कॅरिअरवर २५ किलो. पोरगं २० आणि बालसीट ४, काठावर आलात, शिवाय हे सगळं परत मागच्याच चाकावर. तुम्ही १२० असाल तर पोराला त्याची छोटी सायकल घेऊन द्या.